घरातलं निम्मं दूध सोयाबीनचं केलं तर?

ऊनसावली (पुणे)
आमच्या चौघांच्या घरात रोज दीड लिटर दूध यायचं. सहा महिन्यांपासून पाऊण लिटर येतं, बाकीचं मी घरीच सोयाबीनचं काढते. कारण मिथेन वायू. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातून तो निघतो, आणि वीस वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट हवा तापवतो. पण तो हवेत जेमतेम बारा वर्षं टिकतो. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ साली आलेल्या पोर आणि नेमेचेक यांच्या अभ्यासात जागतिक सरासरी अशी आहे: गाईच्या दुधाच्या लिटरमागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, सोयाच्या दुधामागे सुमारे १ किलो. ज्यांना परवडतं त्या शहरी घरांनी तरी दूध निम्मं करावं, असं मला मनापासून वाटतं.

मुरघास (संगमनेर तालुका)
ताई, माझ्या गोठ्यात सहा एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या, गाई आहेत. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, त्यावर किराणा, पोरांची फी, दवाखाना चालतो. ऊस वर्षाने पैसे देतो, कांदा देईल की रडवेल सांगता येत नाही. दूध तेवढं रोज पैसे देतं. २०२४ मध्ये ३.५ टक्के फॅट, ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असलेल्या दुधाचा दर इतका पडला की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. तुम्ही शहरात पिशवी कमी केली की पहिला फटका दूध संघाला बसत नाही, आम्हाला बसतो. आणि ती सरासरी जगाची आहे. आमची जनावरं उसाचं वाढं, कडबा खातात. माणसाच्या तोंडचा घास नाही खात.

ऊनसावली
दादा, दराचं तुमचं म्हणणं मान्य. कडब्याचं नाही. चारा जितका जाडाभरडा, तितका पोटात मिथेन जास्त, आणि कमी दूध देणाऱ्या जनावरामागे तो लिटरवर अजून चढतो. शिवाय एचएफ गाय नुसत्या वाढ्यावर दूध देत नाही. मुरघासाचा, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, मका ओलिताच्या रानात होतो, सरकी पेंड विकत आणावी लागते. तुमचं नावच सांगतंय.

सायसाखर (नाशिक)
मला दोन्हीपेक्षा वेगळी काळजी आहे. वाढत्या मुलाच्या पेल्यातलं दूध काढून कुणी बदामाचं पाणी देऊ नये. दुकानातल्या बदामाच्या दुधात बहुतेक वेळा प्रथिनं नावालाच असतात. सोयाचं गाईच्या दुधाच्या जवळ जातं, पण त्यात कॅल्शियम वरून घालावं लागतं. आणि किंमत? सोयादुधाचं खोकं गाईच्या दुधाच्या दुप्पट तरी पडतं. २०२५ च्या सप्टेंबरात त्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तरी आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

काळी_माती (लातूर)
किमतीवरून बोलतो, कारण सोयाबीन आमचं. एक लिटर दुधाला साधारण सव्वाशे ग्रॅम दाणा लागतो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे लिटरमागे दाण्याचे सहा रुपये. त्या हंगामात बाजारात तोही मिळाला नाही, कित्येकांनी त्याखाली विकलं. खोक्यावर शंभराच्या वर लिहिलेलं असतं. मधले पैसे कुठे जातात ते ज्याने त्याने बघावं. सोयादूध वाढलं की सोयाबीनवाल्याचं भलं होईल असं कुणी म्हणालं, तर माझा विश्वास बसत नाही. दाणा गिरणीत जातो, तेल निघतं, ढेप कोंबडीखाद्याला आणि परदेशात जाते. दुधाला लागतो तो चिमूटभर.

ऊनसावली
म्हणून तर घरी काढते. रात्री भिजत घालायचं, सालं काढायची, दहा मिनिटं उकळायचं, मिक्सरमधून काढून गाळायचं, गाळलेलं दूध पुन्हा उकळायचं. चोथा थालीपिठात जातो. चहाला मात्र गाईचंच लागतं, कारण सोयाचं त्यात फाटतं. सासूबाई कोकणातल्या, त्या म्हणतात, नारळाचं दूध काढायला आम्हाला कुणी शिकवलं होतं का?

सायसाखर ताई, तुमचं मुलांबाबतचं म्हणणं मी घेतलं. आमच्याही धाकट्याला गाईचंच देते.

मुरघास
तुम्ही प्रामाणिक बोलता, मीही बोलतो. मिथेन कमी करायचा तर गोठ्यात करा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य काढलंय, त्याने १७ ते २० टक्के मिथेन घटतो असं त्यांचं म्हणणं आहे. ते आमच्या संकलन केंद्रावर पेंडीशेजारी मिळू द्या, मी उद्यापासून घालतो.

आणि दूध निम्मं करा म्हणजे शेवटी जनावरं कमी करा, तर हेही ऐका. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून भाकड गाय आणि गोऱ्हा कुणी घेत नाही. माझ्याकडे आत्ता एक भाकड आहे. दिवसाला शंभर-सव्वाशेचा चारा खाते, दूध शून्य, मिथेन चालूच. दुधाला मागणी घटली तर मी दोन गाई कमी करीन, पण त्या द्यायच्या कुणाला?

ऊनसावली
याचं उत्तर माझ्याकडे नाही. पिशवी कमी करताना हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. तरी मी पाऊण लिटरवरून मागे जाणार नाही. हरित धारा घातलेल्या गोठ्याचं दूध वेगळं मिळालं, तर त्या पाऊण लिटरला चार रुपये जास्त देईन. ते चार रुपये तुमच्या पगारात येतील अशी सोय संघ करेल का, एवढं विचारून सांगा.