देवमासा बहिरा आहे का?

धरमपेठी: काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "जहाजाचा आवाज मैलोगणती जातो. तरी बाजूला होत नाही तो देवमासा मरणारच. त्याच्यासाठी जगाचा व्यापार हळू करायचा का?" खाली चौदा अंगठे. तिथे बोललो असतो तर गाडी मेंटेनन्सवर गेली असती, म्हणून इथे लिहितो.

काका, पंखा जहाजाच्या शेपटाला असतो. मधला दोन-तीनशे मीटरचा सांगाडा आवाज अडवतो, म्हणून नेमकं नाकासमोर आवाज कमी. त्यात देवमासे पृष्ठभागाशी झोपतात, पिलांना पाजतात. मेलेले बरेचसे बुडतात, मोजणार कोण? उत्तर अटलांटिकातले राइट व्हेल जातीचे देवमासे 400 सुद्धा उरले नाहीत. अमेरिकेने 2008 मध्ये किनाऱ्याच्या काही पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांपुरती, 65 फूट आणि त्याहून लांब जहाजांना 10 नॉटची मर्यादा घातली. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. व्यापार बुडाला का?

दर्यावर्दी: 22 वर्षं जहाजावर काढली, आता मनीषनगरात असतो. घरी बसून सल्ले सोपे असतात. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकतात त्या खोलीतून, नाकापुढचं पाणी दिसतच नाही. जहाजाची दुप्पट लांबी किंवा 500 मीटर, जे कमी तेवढा आंधळा पट्टा नियमातच बसतो. त्यात रात्र. दिसला तरी भरलेलं जहाज थांबायला मैलाच्या वर जातं.

एकदा बंदरात शिरलो तर धक्क्यावरचे लोक बोटं दाखवत होते. जहाजाच्या नाकाशी फुगवटा असतो, त्याला बल्ब म्हणतात, त्यावर देवमासा आडवा अडकलेला. आम्हाला हिसकासुद्धा जाणवला नव्हता. कुठे लागला, कधी, कोणाच्या ड्युटीत, काही पत्ता नाही. मग गुन्हेगार कोण, मी?

गोरेवाडाकर: काय बाप्पा, इथं वाघ मरून राहिले अन् तुम्ही मासे मोजून राहिले! 2017 च्या डिसेंबरात नागपूरजवळ बाजारगावापाशी बाजीराव वाघ गाडीखाली गेला. अमरावती रोड समुद्रात आहे का?

शुद्धलेखन: मासे नाहीत, सस्तन आहेत ते.

गोरेवाडाकर: बरं, मास्तर.

पेंचप्रेमी: म्हणूनच तर 44 नंबरच्या हायवेवर पेंचमध्ये अंडरपास झाले. वाघ खालून जाताना कॅमेऱ्यात आलेत.

गोरेवाडाकर: झाले, पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झाले! बाकीच्या रस्त्यांचं काय? बोर्ड 40 चा, गाड्या 100 नं. माझा साळा मागच्या पावसाळ्यात नीलगायीवर धडकला. कार भंगारात, नीलगाय उठून शेतात.

त्रिमूर्तीनगर_त्रस्त: वेग कमी करायचं नाव काढू नका. आमच्या गल्लीत 200 मीटरमध्ये पाच ब्रेकर टाकलेत. एकावरही पांढरा पट्टा नाही. माझा मणका सरकला.

पेंचप्रेमी: हळू चालवली असती तर सरकला नसता.

त्रिमूर्तीनगर_त्रस्त: तुम्ही डॉक्टर आहात का? स्कूटीवर 20 ने चाललो होतो!

धरमपेठी: ब्रेकरसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. समुद्रात अंडरपास बांधता येत नाही. तिथे वाट बदला नाहीतर वेग कमी करा. कॅनडाने 2003 मध्ये फंडीच्या उपसागरातली जहाजांची वाट सरकवली. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी निळे देवमासे जहाजांच्या वाटेतच चरतात. तिथे एमएससी कंपनीने 2022 मध्ये आपली जहाजं स्वतःहून आणखी दक्षिणेकडून न्यायला घेतली. बाकीच्यांना कोणी अडवलंय?

दर्यावर्दी: वाट बदलणं मान्य. नकाशावर रेघ मारून द्या, कुठलाही कॅप्टन त्या रेघेवरून जाईल. पण वेगासाठी ब्रिजवरच्या माणसाला धरू नका. वेळापत्रक ऑफिसातून येतं. उशीर झाला की पहिला फोन आम्हालाच. 2008 च्या मंदीत इंधन वाचवायला याच कंपन्यांनी जहाजं रांगवली होती, तेव्हा कोणाचा व्यापार बुडाला नाही. हे तुमच्याच पदरात पडलं, समजतं मला. घ्या.

धरमपेठी: घेतलं. ग्रुपवरच्या काकांनाही सांगा एकदा.

दर्यावर्दी: ते काका मीच.

गोरेवाडाकर: अरे देवा! बरं, त्या बल्बवरच्या देवमाशाचं पुढं काय झालं?

दर्यावर्दी: टग बोटीने ओढून बाहेर नेला.

गोरेवाडाकर: अन् कागदोपत्री?

दर्यावर्दी: धक्क्याला लागायला साडेपाच तास उशीर.