ऑक्टोबरच्या उन्हात पोरांना कुठे न्यायचं?
तीन-चार वर्षांच्या मुलांना ऑक्टोबर हीटमध्ये कुठे न्यावं, असं वर विचारलंय. आम्ही ठाणेकर सरळ घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी, म्हणजे फुलपाखरांची बाग, गाठतो. पाऊस सरता सरता फुलपाखरं भरपूर असतात. पण अंगावर ऊन आल्याशिवाय ती उडत नाहीत, त्यामुळे भल्या पहाटे धावपळ करून उपयोग नाही. नऊच्या सुमारास बरं. ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला मात्र इतक्यात जाऊ नका, ते थंडीत येतात. (आमची लेक खाडीकाठी ‘गुलाबी कुठेत?’ म्हणून भोकाड पसरून बसली होती.)

आणि खरी धमाल तर घरीच, दिवाळीचा किल्ला! माती कालवायला द्या, वर अळीव पेरा, तीन-चार दिवसांत हिरवंगार. नंतर बाथरूमची जी अवस्था होते ती विचारू नका.