मदत हवी आहे: ट्रॅफिक जॅमलाच कंट्रोलर डीडॉस समजतोय

नमस्कार मंडळी,

एमईच्या प्रोजेक्टमध्ये अडकलोय. विषय आहे गाड्यांच्या सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कवरचा (एसडीएन, म्हणजे निर्णय मध्यवर्ती कंट्रोलर घेतो असं नेटवर्क) डीडॉस हल्ला (अनेक ठिकाणांहून एकदम मारा करून यंत्रणा ठप्प करणं) ओळखण्याचा. सायन-पनवेल हायवेचा वाशी टोलनाक्याजवळचा तुकडा ओपनस्ट्रीटमॅपवरून सुमो या ट्रॅफिक सिम्युलेटरमध्ये घेतलाय, नेटवर्क मिनीनेट-वायफाय या एम्युलेटरवर, कंट्रोलर रयू.

हल्लेखोर सोर्स आयपी खोटे टाकतो. त्यांना जुळणारा नियम फ्लो टेबलमध्ये (कुठलं पॅकेट कुठे धाडायचं याची यादी) नसतो, म्हणून आरएसयू (रस्त्याकडेचं नेटवर्क युनिट) दर वेळी पॅकेट-इन (‘याचं काय करू?’ असा मेसेज) पाठवून कंट्रोलरलाच विचारत बसतं आणि शेवटी कंट्रोलर मान टाकतो. हे पकडायला मी डेस्टिनेशन आयपींची एन्ट्रॉपी (पत्ते किती विखुरलेत याचं माप) मोजतो. सगळे एकाच पत्त्यावर तुटून पडले की ती घसरते, अलार्म वाजतो.

घोडं अडतंय ते संध्याकाळी. नाक्यावर गाड्या तुंबल्या की सगळ्या एकाच ट्रॅफिक सर्व्हरला रस्ता विचारतात, एन्ट्रॉपी धाडकन खाली. थ्रेशोल्ड आणखी खाली नेला तर मंदगतीचा हल्ला निसटतो. ‘जॅमचा डेटा वगळ’ असं एक मित्र म्हणाला. मुंबईत जॅम वगळून उरतं काय?

सीआयसी-डीडॉस 2019 डेटासेट पाहिला, त्यात गाड्याच नाहीत. व्हेरेमी या दुसऱ्या डेटासेटमध्ये गाड्या आहेत, पण एसडीएन कंट्रोलर नाही. एन्ट्रॉपीच्या जोडीला काय मोजू?

पॅकेटवाला: दर फ्लोमागे (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाणारी पॅकेटांची मालिका) पॅकेट किती ते बघा. खरी गाडी विचारते, उत्तर घेते, पुन्हा विचारते. खोट्या सोर्सचा फ्लो एखाद-दुसऱ्या पॅकेटवर संपतो. शिवाय गाड्या सेकंदाला साधारण 10 बीकन (‘मी इथे आहे’ सांगणारे छोटे मेसेज) सोडतात, त्यावरून त्या आरएसयूच्या टप्प्यात किती गाड्या आहेत ते कळतं. जॅममध्ये नवे सोर्स गाड्यांच्याच प्रमाणात वाढतील. गाड्या शंभर आणि सोर्स हजारो, तर दाल में काला. मात्र हॅक झालेली गाडी स्वतःच्याच पत्त्यावरून मारा करत असेल तर हे चालणार नाही, तिथे दर गाडीमागे पॅकेट-इनचा वेग बघावा लागेल.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार! पण फ्लो-स्टॅट्स (फ्लोंची आकडेवारी) सारखे मागवले तर त्याचाच भार कंट्रोलरवर पडेल ना?

पॅकेटवाला: सारखे कशाला? एन्ट्रॉपी घसरली की मगच, आणि तेही फक्त त्या आरएसयूचे मागवा.