बेटावरचा शेवटचा उंदीरही मारायचा का? लॉर्ड हाव बेटाबद्दल तुमचं मत काय?

रानवेडा

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर समुद्रात लॉर्ड हाव नावाचं बेट आहे. लांबी ११ किलोमीटर, कायमची वस्ती साडेतीनशेच्या आसपास, आणि एका वेळी ४०० पेक्षा जास्त पर्यटक घ्यायचे नाहीत असा नियम. १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. २०१९ च्या हिवाळ्यात तिथे ४२ टन विषारी आमिष टाकलं गेलं. डोंगरांवर हेलिकॉप्टरमधून, वस्तीत घराघरांपाशी पेट्या ठेवून. हेतू एकच: बेटावरचा एकूण एक उंदीर संपवायचा.

हे झालं ते योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे.

हे उंदीर तिथले नव्हतेच. जून १९१८ मध्ये ‘माकाम्बो’ नावाची बोट नेड्स बीचजवळ खडकावर चढली आणि तिच्यातून काळे उंदीर किनाऱ्याला लागले. त्यानंतर काही वर्षांतच पक्ष्यांच्या पाच जाती कायमच्या गेल्या. त्यात तिथला नाचण होता, एक चष्मेवाला होता, एक कस्तूर होता. जगात दुसरीकडे कुठेही नसलेले हे पक्षी. हजारो वर्षं जमिनीवरून चालणारा शिकारी प्राणी त्यांनी पाहिलाच नव्हता. आजही माऊंट गोवरच्या माथ्यावर उभं राहून मोठ्याने ओरडलं, की प्रॉव्हिडन्स पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी आकाशातून थेट पायाशी येऊन उतरतात. पळायचं असतं हेच त्यांना माहीत नाही. अशा जिवांच्या घरट्यात आपण उंदीर सोडले. मग ते काढायची जबाबदारी कुणाची?

टिटवी

असहमत. तुम्ही पक्ष्यांबद्दल भरभरून लिहिलंत, माणसांबद्दल एक ओळ नाही. २०१५ मध्ये रहिवाशांचा कौल घेतला तेव्हा बाजूने किती होते? ५२ टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या घराला हे नको होतं. शहरातल्या निवडणुकीत ५२ टक्के पुरतात, कारण हरलेल्याला शेजाऱ्याचं तोंड पाहावं लागत नाही. साडेतीनशे माणसांच्या गावात दुकान एकाचं, बोट दुसऱ्याची, लेकरं एकाच शाळेत. तिथे या प्रश्नावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आपल्या अंगणात, लहान मुलं खेळतात तिथे विषाची पेटी ठेवायला जो नको म्हणतो, त्याला निसर्गाचा शत्रू ठरवणं मला मान्य नाही.

तळकोकणी

रानवेडा यांच्याशी सहमत. उंदीर काय करतो ते नारळ-पोफळीवाल्याला विचारा. माडाच्या खोडाला पत्रा गुंडाळून वर चढण्याची वाट बंद केली, तरी शेजारच्या झाडाच्या झावळीवरून येतो. कोवळ्या शहाळ्याला देठाशी गोल भोक पाडतो आणि आठवडाभरात खाली सडा पडतो. लॉर्ड हाववर केंशिया पाम होतो, तोच तो जगभर हॉटेलांच्या दारात कुंडीत दिसतो. त्याच्या बियांवर तिथल्या लोकांनी शंभर वर्षांहून जास्त काळ पोट भरलं आणि उंदरांनी त्याच बिया फस्त केल्या. तेव्हा माणसांची बाजू म्हणाल तर तीही उंदीर जाण्यातच आहे.

मृण्मयी

वापरलेलं विष ब्रोडिफॅकम होतं. ते काय करतं हे इथे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. ते ‘के’ जीवनसत्त्वाचं चक्र बंद पाडतं, मग रक्त गोठत नाही. प्राणी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. लगेच नाही, काही दिवसांनी. उंदीर बोटीत स्वतःहून चढला नव्हता. आणि मेलेला उंदीर जो पक्षी खातो त्याच्याही पोटात ते जातं. बेटावरचे वूडहेन आणि करावाँग पक्षी आधी पकडून पिंजऱ्यात ठेवावे लागले, यातच सगळं आलं. जे सापडले नाहीत त्यांचं काय? ‘जाती’ वाचवायच्या नादात जिवंत प्राण्याच्या वेदनेची किंमत शून्य धरायची, हे मला पटत नाही.

तळकोकणी

मृण्मयीताई, विष सावकाश चढतं ते मुद्दाम. शेतात झिंक फॉस्फाईड लावतो तेव्हा आधी दोन-तीन दिवस बिनविषाच्या गोळ्या ठेवाव्या लागतात. एक उंदीर खाऊन तिथेच तडफडला की बाकीचे त्या गोळीला शिवत नाहीत. शेतात दहा वाचले तर चालतं. बेटावर एक जोडी वाचली तर सगळं पाण्यात. वेदना होतात हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण दरवर्षी पिल्लं कुरतडली जात होती त्यांच्या वेदनेचाही हिशोब धरा.

रानवेडा

मृण्मयी, तुमचा मुद्दा मी हलका समजत नाही, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, विष २०१९ मध्ये आलं असं नाही. त्याआधी कित्येक वर्षं बेटाच्या काही भागांत उंदीर आटोक्यात ठेवण्यासाठी विष घातलंच जात होतं. घरउंदीर तर वॉरफरिन या उंदीरमार विषाला सरावले होते. म्हणजे निवड विष की विष नाही अशी नव्हती, एका हिवाळ्याचं विष की पिढ्यान्‌पिढ्यांचं, अशी होती. माझा सगळा भर इथेच आहे. अर्धवट मोहिमेत उंदीरही सतत मरत राहतात आणि पक्षीही. दुसरी, ४२ टन हे वजन दाण्याच्या गोळ्यांचं. विषाचं प्रमाण किलोला २० मिलिग्रॅम. गुणाकार केला तर अख्ख्या बेटावर शुद्ध विष एक किलोही भरत नाही, सुमारे ८४० ग्रॅम. ते पाण्यात फारसं विरघळत नाही.

आणि वूडहेन! आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, तपकिरी, न उडणारा पक्षी. १९८० च्या सुमारास तीसच्या आत उरले होते. तेव्हा पिंजऱ्यात वाढवून सोडले म्हणून जात टिकली. तरी पुढची कित्येक वर्षं आकडा दोन-अडीचशेपाशी अडकून होता. उंदीर गेल्यावर काही वर्षांतच तो हजारापलीकडे गेला. आता ते लोकांच्या परसात पिल्लं घेऊन फिरतात.

सागरगोटा

आकडे चांगले आहेत, पण टिकतील का? सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून २०१९ मध्ये सगळं केलं आणि २०२१ मध्ये बेटावर दोन उंदीर सापडलेच, त्यातली मादी गाभण. २०२३ मध्ये मर्टल रस्ट ही झाडांची बुरशी पुन्हा पोचली, तिच्यापुढे पेट्याही चालत नाहीत आणि हेलिकॉप्टरही. पोर्ट मॅक्वारीहून सामानाची बोट येतच राहणार, विमानं उतरतच राहणार. मोहिमेला पैसा मिळतो, त्यानंतरच्या राखणीला दरवर्षी कोण देणार?

रानवेडा

२०२१ चे उंदीर वेळेत लक्षात आले, पुन्हा पेट्या लावल्या आणि ते बस्तान बसवू शकले नाहीत. उंदीर हुंगून काढणारी कुत्री आता तिथे कायमची कामाला आहेत. राखणीचा खर्च दरवर्षीचा आहे हे मान्य, आणि तो सरकारने कमी करता कामा नये.

टिटवी

मग पुढच्या निर्णयाबद्दल आत्ताच बोलू. या बेटावर हाताच्या पंजाएवढा, बिनपंखांचा काडीकिडा होता. १९२० च्या सुमारास उंदरांनी संपवला असं सगळे धरून चालले होते. २००१ मध्ये तो २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या उभ्या सुळक्यावर मोजक्या झुडपांत सापडला. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाने त्याची पैदास केली. जनुकांची तुलना झाली, जात तीच निघाली. आता उंदीर नाहीत, तर तो परत आणायचा असं ठरतंय. तो यावा असं मलाही वाटतं. पण रात्री घराच्या भिंतीवर हा किडा कुणाला दिसणार? मेलबर्नच्या शास्त्रज्ञाला नाही. या वेळी ५२ टक्क्यांवर गाडी हाकू नका. घरोघर जा, किडा हातात देऊन दाखवा, वस्तीपासून किती दूर सोडायचा ते लोकांना ठरवू द्या. त्यासाठी दोन वर्षं जास्त गेली तर जाऊ देत.

रानवेडा

टिटवी, काडीकिड्याच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. उंदरांच्या बाबतीत मात्र नाही. तिथे प्रत्येक मोसमात पिल्लं जात होती, आणखी थांबायला वेळ नव्हता.