फ्रेंच पद्धतीची गरम दुधाची कॉफी घरी कशी करायची? (खारपाणपट्ट्यातून विचारतो हाये)

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)

नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण पाँडिचेरीले राहते, भाऊजी तिकडं नोकरीले हायेत. औंदा तूर निघाल्यावर आईले घेऊन आठ दिवस तिच्याकडं गेलो होतो. तिकडं 1954 पर्यंत फ्रेंचांचं राज्य होतं त्याच्यामुळं खाण्यापिण्यात अजून त्यांचं बरंच काही हाये. ताईच्या शेजारच्या आजी सकाळी मोठ्या वाडग्यात कॉफी द्यायच्या, अर्धी कॉफी अर्धं गरम दूध, आणि सोबत लोणी लावलेला पाव, तो त्याच्यात बुडवून खायचा. काफे ओ ले म्हनतात म्हने. आमची आई, जिनं जिंदगीत चहाशिवाय काही पेलं नाई, ती आठही दिवस दोन्ही हातानं वाडगा धरून तेच पेली. आता घरी आल्यावर रोज पहाटे चारले उठून म्हशीचं दूध काढते आणि म्हनते तसी कॉफी पुन्हा भेटली पाह्यजे होती. म्हनून मले तिच्यासाठी ते नीट शिकायचं हाये.

तीनदा करून पाह्यलं. पहिल्यांदा चहासारखी दुधातच पूड साखर टाकून उकळली, कडूजहर झाली. दुसऱ्यांदा पाणी वेगळं उकळून त्यात पूड टाकली, दूध वरून टाकलं, तं चव एकदम चपटी आणि जरा खारट, कॉफी हाये का काय हाये समजे ना. तिसऱ्यांदा दुपारी केली तं दूधच फाटलं.

घरी गॅस हाये, गंज (पातेलं), चायगाळणी, मिक्सर. मशीन बिशीन काही नाई. ताईनं अर्धा किलो फिल्टर कॉफीची पूड पाठवली हाये. पाणी घरच्या बोअरचं वापरलं. कोनाले येत असंन तं बारीक बारीक सांगा.

मेघा_वर्धा

दादा, आईसाठी करताय हे वाचून फार छान वाटलं. मी पुण्यात चार वर्षं एका बेकरीत काम केलं, तिथं ही कॉफी रोज करायचो. आधी एक गोष्ट, ही कॉफी म्हणजे लाटे नाही आणि कॅपुचिनो तर नाहीच. त्या दोन्हीत एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली दाट कॉफी लागते, ती मशीनशिवाय होत नाही. ही साधी कडक कॉफी आणि निम्मं गरम दूध, म्हणून तर फ्रान्समधे घराघरात सकाळी करतात. फेस काढायची गरज नाही, रवीनं दूध घुसळत बसू नका.

मुख्य गोष्ट अशी की कॉफी आणि दूध दोन्ही शेवटपर्यंत वेगळं ठेवायचं आणि कॉफीची पूड कधीच उकळायची नाही. उकळली की सगळा कडूपणा पाण्यात उतरतो, तुमच्या पहिल्या वेळेस तेच झालं.

दोन वाडग्यांसाठी पाव लिटर पाणी, 20 ग्रॅम पूड (पोह्याचे चार चमचे शीग भरून), आणि पाव लिटरच्या जरा आत दूध. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन घेते त्यामुळं कॉफी कमी निघते, घाबरू नका. पाण्याला आंधण आलं की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, पूड टाका, एकदा ढवळा, झाकण ठेवून चार मिनिटं हातच लावू नका. मग गाळा. चायगाळणीतून फिल्टरची बारीक पूड खाली येते म्हणून गाळणीवर धुतलेलं मलमलचं फडकं टाका. फडक्याला साबणाचा वास नको, नुसत्या गरम पाण्यानं धुवायचं.

चव कडक लागली पाहिजे, नुसती प्यायला नको वाटेल इतकी. दूध पडल्यावर ती बरोबर होते. पातळ कॉफीत दूध टाकलं की नुसतं रंगीत दूध राहतं.

ताईकडून स्टीलचा साउथवाला फिल्टर मागवता आला तर अजून सोपं, वरच्या भांड्यात पूड, त्यावर गरम पाणी, दहा पंधरा मिनिटांत खाली डिकॉक्शन (दाट काळी कॉफी) जमा होतं. फ्रेंचांची जुनी ठिबकवाली किटली पण याच तत्त्वावर चालते.

गवळाऊ

दुधाचं मी सांगतो, आमचं घरचं दूध संकलन केंद्र हाये.

एक, घरचं काढलेलं कच्चं दूध डायरेक्ट कॉफीत नाई टाकायचं. कॉफीवाले सांगतात दूध उकळू नका, ते पाकिटाच्या पाश्चराइज दुधासाठी ठीक हाये. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, टीबी असे रोग येऊ शकतात, म्हनून पहिले एक उकळी द्यायची, थंड करायचं, साय काढायची. मग कॉफीच्या वेळी त्यातलं पाह्यजे तेवढंच पुन्हा गरम करायचं, यावेळी मात्र उकळी येऊ द्यायची नाई. गंजाच्या काठाले बारीक फुगे धरले आणि वाफ निघाली का बंद. तेवढ्यावर दूध गोडसर लागते. खळखळ उकळलं का त्याले शिजल्या दुधाचा वास येते आणि कॉफीचा वास त्याच्याखाली दबते.

दोन, म्हशीचं दूध लय घट्ट, 6-7 टक्के फॅट सहज असते, आणि आपल्याकडची पूर्णाथडी जातीची म्हैस असंन तं विचारूच नका. फ्रान्समधे दूध गायीचं असते. म्हनून म्हशीच्या दुधात चवथा हिस्सा पाणी टाका नाईतर तोंडात नुसतं तूप राहते. गाय असंन घरी तं गायीचंच घ्या.

तीन, दूध फाटलं ते दुपारी. सकाळी चारचं दूध, एप्रिल मे चा उन्हाळा, फ्रिजबाहेर राह्यलं असंन तं ते आतून आंबाया लागलेलं असते पण नाकाले कळत नाई. कॉफीत स्वतःचा आंबटपणा असते, दोन आंबट आणि वरून गरमी, फाटनारच. आणि गूळ टाकला होता का? गुळानं पण फाटते. साखर टाका, तेही वाडग्यात शेवटी.

पूर्णाकाठ

गूळच टाकला होता भाऊ! आईले साखर कमी चालते म्हनून. आणि दूध चुलीजवळच ठेवलेलं होतं दुपारपर्यंत. दोन्ही समजलं. पण खारट काऊन लागली ते कोनी सांगितलं नाई, मीठ तं काही टाकलं नव्हतं.

खारपाण_शेतकरी (अकोला)

अहो तुमी दर्यापूरचे ना, मंग बोअरचं पाणी! आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीतलं पाणीच खारं हाये, अकोला अमरावती बुलडाण्याचा हा सगळा पट्टा. या पाण्यात डाळ शिजत नाई हे आपल्याले लहानपणापासून माहीत हाये, मंग कॉफी कसी होईन? वाडग्यात निम्मं पाणीच असते ना. नुसता खारटपणाच नाई, पाण्यातले क्षार कॉफीची आंबटगोड चव मारून टाकतात, म्हनून तुमाले ती चपटी लागली. मी पण दोन वर्ष पुडीले दोष देत होतो, तीन दुकानं बदलली, मंग एकदा पाहुण्यांसाठी आनलेल्या जारच्या पाण्याची केली आणि तेव्हा पटलं.

नळाचं धरणाचं पाणी येते का गावात? आलं का एक हंडा कॉफीसाठी बाजूले ठेवा. नाईतर जारचं घ्या. पावसाचं साठवलेलं असंन तं उकळून तेही चांगलं.

परतवाडा_किराणा

दर्यापूरहून चिखलदरा कितीसा दूर आहे, तिथलीच कॉफी आणून पहा ना. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्या सातपुड्यात, चिखलदऱ्याला, आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या अर्ध्या लोकांना ते माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथं दुकानात पूड मिळते, कधी बिया पण मिळतात.

बिया भाजलेल्या मिळाल्या तर मिक्सरमधे थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं की भांडं तापतं आणि पूड करपल्यासारखी लागते. गाळून करायची तर लापशीच्या रव्याएवढी जाड ठेवा, मग फडकं लागत नाही. आणि त्याआधी मिक्सरमधे मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, नाहीतर तिखटाचा वास कॉफीला लागतो.

अजून एक, ताईनं पाठवलेल्या पाकिटावर चिकोरी किती टक्के आहे ते वाचा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, आपल्याकडं गुजरातेत होतं. त्यात कॅफिन नसतं, पण रंग दाट येतो आणि जळक्या साखरेसारखी चव येते. ही भेसळ नाही बरं का. नेपोलियननं 1806 मधे इंग्रजांच्या व्यापाराची नाकेबंदी केली तेव्हा फ्रान्समधे कॉफी मिळेना, लोकांनी हे मूळ भाजून मिसळायला घेतलं आणि नंतर कॉफी मिळायला लागली तरी सवय राहिली. दुधाच्या कॉफीत थोडी चिकोरी चांगलीच लागते. फक्त निम्म्याच्या जवळ असेल तर पूड चारऐवजी तीन चमचे घ्या.

पूर्णाकाठ

मंडळी, आज सकाळी केली. काल नळ आला होता, धरणाचं पाणी झाकून ठेवलं होतं. पाकिटावर चिकोरी 20 टक्के लिहिली हाये म्हनून पूड चार चमचेच घेतली, चार मिनिट घड्याळ लावून झाकली, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली. दूध उकळून साय काढलेलं, चवथा हिस्सा पाणी, काठाले फुगे धरले तसा गॅस बंद. मंग एका हातात कॉफीचा गंज आणि एका हातात दुधाचा, दोन्हीच्या धारा एकाच वेळी वाडग्यात सोडल्या, पाँडिचेरीच्या आजी तसंच करत होत्या.

आईनं एक घोट घेतला आणि काहीच बोलली नाई, उठून रात्रीची पोळी आनली, तूप लावलं, गुंडाळी केली आणि बुडवून खाल्ली. म्हने पाव कायले पाह्यजे. पूर्ण वाडगा संपवला. मंग म्हने उद्या थोडी अजून कडक कर.

तं मेघाताई, अजून कडक करायची तं पूड पाच चमचे करू का चारच्या जागी सहा मिनिट ठेवू?

मेघा_वर्धा

पाच चमचे करा दादा, वेळ वाढवू नका. वेळ वाढवली की कडू होते, कडक होत नाही. तूप लावलेली पोळी मी पण उद्या करून पाहते.