मदत हवी आहे: माशांच्या कल्ल्यांची ऊतक तपासणी कुठे करून मिळेल?

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात आमचं एक एकराचं तळं आहे, रोहू-कटला सोडलेत. दहा दिवसांपासून रोज पाच-सहा मासे काठाला येऊन तोंड वर काढतात आणि दुपारपर्यंत मरतात. पाणी तपासून घेतलं, पहाटेचा ऑक्सिजन लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर आहे, अमोनियाही ठीक. काल एकाच्या कल्ल्यांवरचं झाकण उचलून पाहिलं. लालभडक असायला हवेत ते कल्ले फिकट पडलेले, वर चिकट पांढरा थर, टोकं झिजलेली. परजीवी की जिवाणू, नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि अंदाजाने औषध टाकायला माझं मन धजत नाही.

म्हणून हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, करायची आहे. मेलेला मासा चालत नाही, ऊती लगेच कुजतात, हे माहीत आहे. धुगधुगी असलेला मासा घेऊन कल्ले, यकृत, मूत्रपिंड यांचे अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ तुकडे त्यांच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवेन, गोठवणार नाही.

मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत कुणी असे नमुने पाठवलेत का? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माशांच्या स्लाइड बघतात का? फॉर्मालिनमधल्या तुकड्यांवर जिवाणू वाढवता येत नाहीत, मग त्यासाठी जिवंत मासा तिथपर्यंत कसा नेलात? तुलनेला निरोगी माशाचे तुकडेही द्यावेत का? कृपया लवकर सांगा, रोज मासे जाताहेत.