छोट्या जागेसाठी बुटका नारिंगी हायब्रिड टी गुलाब: कोणता घेऊ?

रोप_एकच
नमस्कार मंडळी. घरापुढे जेमतेम ६ बाय ४ फूट माती आहे, एका बाजूला भिंत. ऊन सकाळी साडेसात ते एक, मग भिंतीची सावली. तिथे एकच गुलाब लावायचाय, नारिंगी, गुलाबीकडे झुकणारा नको. हायब्रिड टीच हवा, म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल आणि ती टोकदार कळी. उंची ३ फुटांच्या आत, कारण मागे खिडकी आहे. वास असला तर सोन्याहून पिवळं.
बजेट एका रोपाचं. खरंच एका रोपाचं. ठिबक, शेडनेट आणि "अजून चार घ्या" हे आधीच बाद. गुलाबाचा अनुभव: एक लावला होता, मेला.

मोठी_कुंडी
जमिनीत नकोच, १६ इंची कुंडीत लावा. आणि एक काय लावताय, तीन घ्या, एक आजारी पडला तर दोन फुलतात. माझ्याकडे सध्या २२ आहेत आणि ठिबक बसवल्यापासून मी पाण्याकडे बघतसुद्धा नाही.

रोप_एकच
दादा, बजेट :)

कात्रीवाले
सुपर स्टार. डोळे मिटून घ्या. जर्मनीच्या तांताऊंनी १९६० साली आणला, अमेरिकेत त्यालाच ट्रॉपिकाना म्हणतात. तो शेंदरी भडकपणा पेलार्गोनिडिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो, त्याच्या आधीच्या हायब्रिड टींमध्ये असा रंग शोधून सापडायचा नाही. माझ्याकडे १४ वर्षं आहे, येणारा जाणारा थांबून बघतो.

भुरीग्रस्त
१४ वर्षांत मोजला का कधी? माझा ५ फूट गेला, त्यांची खिडकी बंद होईल. शिवाय भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. पानं पिठात बुडवून काढल्यासारखी. मी तीन वर्षं निंबोळी तेल मारलं, मग फवारणीचा पंप मोडला, मग मी सोडून दिलं, आता भुरी आणि मी एकत्र राहतो.

कात्रीवाले
छाटणी येत नसेल तर कुठलाही गुलाब ५ फूट जातो.

भुरीग्रस्त
उंच जातीला कापून बुटकं ठेवलं की ती फुलायचं सोडून नुसती काठ्या काढत बसते. कात्री आमच्याकडेही आहे.

काटेरी_आजी
भांडू नका रे. रोप_एकच, कॅटलॉगातल्या उंचीवर जाऊ नकोस. ती बहुतेक वेळा थंड मुलखातली असते, जिथे झाड वर्षातले निम्मे महिने झोपलेलं असतं. हवा उबदार असेल आणि झाड बारा महिने वाढत असेल तर लिहिलेल्या उंचीत अर्धा फूट तरी मिळवायचा. म्हणजे तुला ३ फूट हवं तर लेबलवर अडीचच्या आत बघ.
माझं मत जस्ट जोई. इंग्लंडच्या कँट्सचा, १९७२ चा. झाड बसकं, आडवं पसरणारं, फूल तळहाताएवढं, पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या, वास भरपूर. जागतिक गुलाब संघटनेने १९९४ मध्ये मानाच्या यादीत घेतलाय. एक सांगते, रंग तांबूस नारिंगी आहे, शेंदरी नाही, आणि कडक उन्हात दुसऱ्या दिवशी फिका पडतो. तुझं ऊन दुपारी जातंय ते त्या दृष्टीने बरंच.

नुसतेवाचक
हायब्रिड टी म्हणजे चहाची पत्ती घालायची असते ना? सासरे रोज घालतात.

कात्रीवाले
नाही हो. चीनमधून युरोपात गेलेल्या जुन्या टी गुलाबांच्या वासामुळे ते नाव पडलं. त्यांचा दुसऱ्या गुलाबांशी संकर तो हायब्रिड टी, पहिला म्हणून १८६७ चा ला फ्रान्स धरतात.

नुसतेवाचक
पण सासऱ्यांचा गुलाब फुलतो.

मोठी_कुंडी
ओली पत्ती खोडाशी साचली की बुरशी धरते आणि चिलटं होतात. मी केळ्याच्या सालीही बंद केल्या, मुंग्यांची वसाहत झाली होती. चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, बस्स. आणि १६ इंची कुंडी.

डोळाभर
सगळे जात सांगताहेत, लावायचं कसं कुणी सांगत नाहीये. कलमाचा डोळा, म्हणजे कलम जोडलेलं असतं तो सांधा, मातीच्या २ इंच खाली गाडा. मी सगळे तसेच लावतो.

काटेरी_आजी
अरे देवा. जमीन गोठत असेल तिथे गाडतात, थंडीपासून वाचवायला. बाकी ठिकाणी डोळा वर, उघड्यावर.

डोळाभर
माझे २० वर्षांत मेले नाहीत.

भुरीग्रस्त
तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते का?

डोळाभर
हो. का?

काटेरी_आजी
बघ रोप_एकच, असं असतं. कुठेही लावलास तरी डोळ्याच्या खालून फूट आली की ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या जंगली गुलाबाची. ती कापायची नाही, माती सारून मुळापासून ओढून काढायची. नाहीतर दोन वर्षांनी "माझा नारिंगी गुलाब लाल झाला" म्हणून इथेच येशील. लाल होत नसतो, नारिंगी मेलेला असतो आणि खुंट फुललेला असतो.

रोप_एकच
आजी, माझा मेलेला गुलाब मरायच्या आधी लहान लहान लाल फुलं देत होता. आत्ता कळलं.

शेवंती_पक्षी
सगळं वाचलं नाही पण सुपर स्टार घ्या, रंग खरा नारिंगी असतो.

भुरीग्रस्त
🙏

शेवंती_पक्षी
किंवा गुलाब सोडा, शेवंती लावा. नारिंगी मिळते, बुटकी असते, रुसत नाही.

पाकळीशास्त्र
नारिंगी हवा असेल तर काळे ठिपके स्वीकारूनच पुढे जा. पिवळा-नारिंगी रंग आला तो इराणकडच्या पिवळ्या रानगुलाबातून, फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी १९०० साली त्यातून सोलेल दोर हा गुलाब काढला, आणि रंगाबरोबर ठिपक्यांची खोडही घरात आली. ती बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. म्हणून पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. गळलेलं ठिपक्याचं पान उचलून टाका, खतात नाही. आणि भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे लावा. भिंतीला चिकटून हवा खेळत नाही, पाऊस पडला तरी तिथली माती कोरडी राहते, आणि लाल कोळी, ती पानांचा रस शोषणारी बारीक कीड, तिथेच घर करते.
जात म्हणाल तर रिमेंबर मी. स्कॉटलंडच्या कॉकर यांचा, १९८४. तांब्याच्या भांड्याचा रंग. फुलं थोडी लहान आणि झुबक्याने येतात, तेव्हा एका दांड्यावर एकच हवं तर मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या मटारएवढ्या असतानाच खुडायच्या. वास मात्र बेताचाच.

रोप_एकच
वास बेताचा? हं. व्हिस्की मॅकबद्दल कुणाला माहितीये का? नर्सरीत एक उमललेला होता, नाक काढवेना.

काटेरी_आजी
नको.

भुरीग्रस्त
नको. माझ्याइतकी भुरी सोसायची तयारी आहे का?

पाकळीशास्त्र
तोही तांताऊंचाच, १९६७. वास अप्रतिम, उंची तुमच्या मापात. पण नारिंगीपेक्षा मधाकडे झुकतो, भुरी धरतो, आणि फांद्या टोकापासून वाळत खाली येतात. नवख्या माणसाला मी देणार नाही.

कात्रीवाले
सुपर स्टारला नावं ठेवता आणि हा चालतो?

मोठी_कुंडी
घ्यायचाच तर दोन घ्या.

रोप_एकच
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिस्की मॅक आणला. एकच. माहितीये. पण मी सकाळी त्या खिडकीत बसते आणि मला वास हवाय, रंग मी थोडा सोडला. भिंतीपासून अडीच फूट, डोळा वर, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून लावला. एक कळी आहे.

काटेरी_आजी
बरं, आणलास तर आणलास. ती कळी खुड. मूळ धरू दे आधी.

रोप_एकच
आजी, ती नाही खुडवणार.

काटेरी_आजी
माहीत होतं. मग फूल झाल्यावर देठासकट लांब कापू नकोस, पानं कमी होतील. नुसतं फूल मोड. वाळकी फांदी दिसली की मात्र आत पांढरा गर दिसेपर्यंत काप, दया करू नकोस.

भुरीग्रस्त
पहिली भुरी दिसली की फोटो टाका. पंप दुरुस्त करून घेतो तोवर.

नुसतेवाचक
मग चहाची पत्ती घालायची की नाही?